निमसे साहेबांचं गरम पाणी

निमसे साहेबांच्या तोंडून मी एकही शिवी ऐकली नाही. शिवी देणाऱ्याला समोरच्याची काही माहिती नसते, म्हणून तो आईबहिणीवर जातो. निमसे साहेबांना माहिती असायची. ते तोंडातली लवंग या गालातून त्या गालात सरकवायचे, 'बाळा' किंवा 'अगं' लावून हळू आवाजात एकच वाक्य बोलायचे, आणि त्या दिवशी माणसाचा डबा तसाच घरी परत जायचा.

नगरच्या नागापूर एमआयडीसीत आमची फवाऱ्याच्या डब्यांची कंपनी होती. अंगाला मारायचे सुवासाचे डबे, झुरळांचे, रंगाचे. दाबलं की फुस्स करणारं सगळं. निमसे साहेब डिझाइनचे प्रमुख. आमचा सेक्शन म्हणजे पत्र्याच्या शेडच्या टोकाला असलेली काचेची एक खोली. आत चार टेबलं, एक रॅक, आणि कमरेइतक्या उंचीचा स्टीलचा हौद. हौदाखाली हीटर. भरलेला डबा गरम पाण्यात बुडवला की आतला दाब वाढतो, आणि कुठं केसाएवढी फट असेल तर तिथून बुडबुडा वर येतो. आला बुडबुडा की डबा बाद. साहेब हौदाशेजारी स्टूल टाकून बसायचे, बगळ्यासारखे. उंच, वाळलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनांऐवजी फडक्यात गुंडाळलेलं करवतीचं पातं.

"बुडबुडा खोटं बोलत नाही," ते म्हणायचे. "खोटं माणूस बोलतो."

म्हणून माणसालाही ते आधी गरम पाण्यातून काढायचे. नवीन कुणी आला की पहिल्याच दिवशी त्याला हौदाशेजारी बसवायचं, चहा द्यायचा आणि गोड गोड विचारत राहायचं. गाव कोणतं, वडील काय करतात, बहिणीचं लग्न झालं का, का नाही झालं. त्याची हवा कुठून जाते ते सापडेपर्यंत. एकदा सापडलं की साहेब समाधानानं उठायचे. पुढे नोकरी असेपर्यंत त्या माणसाला तिथंच दाबायचं.

मी श्रीगोंदा तालुक्यातली. घरात पदवी घेतलेली मी पहिली, आमच्या अख्ख्या आळीत पहिली. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. तेव्हा तर मी ते कपाळावर लिहूनच फिरत होते. साहेबांना शोधायला फार वेळ लागला नाही.

"घरात पदवीवाली पहिलीच का गं?"

"हो सर." मी ताठ बसले.

"वा, वा. वडील?"

"साखर कारखान्यावर आहेत. गव्हाणीवर, ऊस सोडायला."

"कष्टाचं काम. आई शिकलीय?"

"नाही सर."

"मग तू बोलायला लागलीस की ती पदर सावरते का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. मी इंजिनियरिंगला गेल्यापासून घरी काही समजावून सांगायला लागले की आई हातातलं काम थांबवायची आणि पदर नीट करायची. तलाठ्यासमोर करायची तसा. मी ते रोज बघत होते आणि मला ते दिसलेलं नव्हतं. या माणसानं माझी आई बघितलेलीसुद्धा नव्हती. माझे डोळे भरून आले. साहेबांनी लवंग सरकवली.

"आला बुडबुडा," ते म्हणाले. "जा, लाग कामाला, पदवीधर."

त्या दिवसापासून माझं नाव पदवीधर. 'पदवीधर, ते फडकं दे.' 'पदवीधर, कचऱ्याचा डबा भरलाय.'

एक मात्र सांगायला पाहिजे. लाइनवर डबे भरणाऱ्या बायकांना ते कधी काही बोलले नाहीत. एकदा मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "त्यांच्यावर आधीच सगळीकडून दाब आहे. तिथं शोधायचं काय?" मला आधी ती दया वाटली. नंतर कळलं, त्यांना त्यात मजा नव्हती.

आणि ते हुशार होते. डबा फोनसारखा कानाला लावायचे, "बोल," म्हणायचे, आणि आम्हाला जे हौदातही दिसायचं नाही ते त्यांना ऐकू यायचं. मला या धंद्यातलं जे काही येतं ते त्या माणसानं शिकवलं. हे सांगताना माझी मान खालीही जात नाही आणि वरही होत नाही.

सोमवार कापाकापीचा. बाजारातून परत आलेले डबे टेबलावर मांडायचे, त्यांची हवा सोडून द्यायची, मग साहेब खिशातलं पातं काढून डबा उभा चिरायचे. ज्याचं डिझाइन त्यानं डबा धरायचा. पातं बोटापाशी येईपर्यंत धरायचा. "बघ, हा तुझा व्हॉल्व्ह. आणि हे तुझं डोकं." पुण्याहून एक मुलगा आला होता, छान इंग्रजीत बोलायचा. त्याचा डबा चिरताना साहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळा, हे तू बोललास का तुझ्या वडिलांनी भरलेली फी?" मुलगा आठवडाभरात गेला. त्याची पाण्याची बाटली साहेब नंतर कित्येक दिवस वापरत होते.

पण हे सगळं आजूबाजूचं. त्यांच्या डोक्यात मी येण्याच्या आधीपासून एकच डबा होता.

साध्या डब्यात औषध आणि गॅस एकाच पोटात असतात. डबा उलटा धरला की गॅस निघून जातो, औषध तळाला राहतं. शिवाय फवारा गार लागतो आणि आवाज करतो. साहेबांच्या डब्यात आत एक पिशवी होती, चकचकीत, थरावर थर असलेल्या कागदाची, त्यातला एक पातळ थर धातूचा. औषध पिशवीत. पिशवीच्या बाहेर, डब्याच्या आत, नुसती दाबून भरलेली हवा. हवा पिशवीला पिळते, औषध बाहेर येतं, आणि हवा आतच राहते. उलटा धरा, आडवा धरा, शेवटच्या थेंबापर्यंत चालतो. गार नाही, आवाज नाही.

"सख्खे भाऊ," साहेब सांगायचे. "एका घरात राहतात, मधे भिंत घातलीय. भिंत आहे तोवर घर चालतं. ज्या दिवशी एकमेकांचं तोंड बघतील त्या दिवशी कोर्टात."

अशा पिशव्या बाहेरच्या देशातून तयार यायच्या. साहेबांना ती नागापुरात बनवायची होती. कागद इथला, शिलाई म्हणजे गरम दाबानं जोडणं इथलं, आणि घडी त्यांची स्वतःची. डब्याचं तोंड अरुंद, त्यामुळे पिशवी विडीसारखी गुंडाळून आत सोडावी लागते. मग औषध भरताना ती आत उलगडते. त्या घडीवर त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती.

आणि डबा कुणासाठी, तर गाईंसाठी. आमच्या जिल्ह्यात दूध नाही असं गाव नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड थोडा वेळ उघडं राहतं, त्यातून घाण आत गेली की कास दगडासारखी होते. गोठ्यात त्याला दगडीच म्हणतात. म्हणून धार झाली की सडाला तपकिरी औषध लावायचं. साध्या फवाऱ्यानं ते होत नाही. गाईखाली डबा उलटासुलटा धरावा लागतो, आवाज झाला, गार लागलं की गाय लाथ झाडते. साहेबांचा डबा मुकाट चालणार होता.

शेठनं, म्हणजे आमच्या मालकानं, सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "निमसे, दूध संघानं डबा घेतला तर पिशवीचं मशीन आपलं. नाही घेतला तर पिशव्या बाहेरून आणू. मग या काचेच्या खोलीचं मला काय काम?" साहेबांची निवृत्ती जवळ आली होती. शेठ गेल्यावर ते हौदाकडं बघत म्हणाले, "माझ्यामागं हा डबा राहील." मी तेव्हा त्यांच्याकडं बघत होते. पहिल्यांदाच त्यांच्यात मला कुठंतरी फट दिसली. त्यांना ते कळलं असावं. "काय बघतीस? रॅक पूस."

त्यांच्या घरी मी तेव्हा एकदाच गेले. सावेडीत वरच्या मजल्यावर फ्लॅट होता, काही नमुने पोचवायचे होते. काकूंनी पोहे आणले. काकू म्हणजे पायांचा आवाज न करणारी बाई. साहेबांनी एक घास घेतला आणि बशी माझ्याकडं सरकवली.

"चाखून सांग पदवीधर, यात काय राहिलंय. हिला लग्न झाल्यापासून सापडलं नाही."

मी म्हटलं, "चांगले झालेत की."

"ही खोटं बोलती," साहेब काकूंना म्हणाले. "तुझ्यासाठी. बघ, परक्या पोरीला तुझी दया येतीय."

काकू बशी उचलून आत गेल्या. आतून भांड्याचाही आवाज आला नाही.

आता तांबे.

पिशव्या जोडायचं काम तांबेकडं होतं. आयटीआय केलेला, पाथर्डीकडचा, बोलायला हळू पण हाताला सफाई. त्याची हवा कुठून जाते हे सगळ्या कंपनीला माहीत होतं. त्याची बायको भांडून जामखेडला माहेरी जाऊन बसली होती, आणि तिनं परत यावं एवढंच त्याला हवं होतं. त्यानं सासऱ्याला सांगून ठेवलं होतं की मी डिझाइनमध्ये आहे, काचेच्या खोलीत बसतो. एका सोमवारी तो एक पिशवी घेऊन आला.

"साहेब, घडीच्या कोपऱ्याला चीर पडतीय. ताज्या पिशवीत न्हाई दिसत. औषध भरून पडून राहिली की मग पडतीय."

"घडी कुणाची आहे, तांब्या?"

"तुमची, साहेब."

"आणि चीर कुणाच्या हातात आहे?"

तांबे हातातल्या पिशवीकडं बघत राहिला.

"बायको सांभाळता आली नाही, तिची घडी माझ्यावर ढकलत नाहीस ते नशीब." साहेबांनी पिशवीला दोरा ओवला आणि हार घालतात तसा तांबेच्या गळ्यात घातला. "सुट्टी होईपर्यंत काढायचं नाही. गळकं भांडं कोणतं ते लोकांना कळू दे."

त्यानं काढली नाही. तशीच गळ्यात घेऊन मशीन चालवत राहिला. आणि त्याच दुपारी गेटवरून निरोप आला, तांबेला भेटायला पाव्हणे आलेत. सासरा आला होता. पांढरं धोतर, टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. जावई खरंच काचेच्या खोलीत बसतो का ते बघायला आला असणार. तांबे पिशवी काढायला गेला, तर साहेब म्हणाले, "राहू दे." आणि स्वतः दारापर्यंत जाऊन पाव्हण्यांना आत घेऊन आले. बसवलं, चहा सांगितला.

म्हाताऱ्यानं जावयाच्या गळ्याकडं बघितलं. "हे काय म्हनायचं?"

"हे?" साहेब म्हणाले. "हे आमचं गळकं भांडं. बाकी माणूस चांगलाय हो. तुमच्या पोरीनं बरोबर ओळखलं."

 म्हाताऱ्यानं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि उठला. पेढ्यांचा पुडा जाताना परत घेऊन गेला. तांबेची बायको काही आली नाही.

त्या दिवसानंतर तांबे एकदम चांगला झाला. काहीही विचारा, "व्हय साहेब." साहेब खूश. "बघा, तांब्या सुधारला. गळती बंद."

इथं एक गोष्ट समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गरम पाण्यात बुडबुडा कधी येतो? डब्यातली हवा डब्याबाहेर आली तर. पण डबा धडधाकट असेल आणि आतल्या आत पिशवीच फाटली असेल, तर हवा पिशवीत शिरते, बाहेर काहीच येत नाही. हौद गप्प. हे आम्हाला साहेबांनीच शिकवलं होतं. "घरातली भिंत पडली तर गल्लीत धूळ येत नाही." म्हणून भरलेले डबे रॅकवर आडवे टाकून ठेवायचे आणि दर आठवड्याला त्यातला एक काढून फवारायचा. औषध सरळ आलं तर ठीक. मधेच फुर्र करून हवा थुंकला तर पिशवी गेली. हे काम तांबेचं होतं. तो मागच्या दारानं बाहेर जायचा, फवारून यायचा.

"काय रे?"

"ओके साहेब."

दर आठवड्याला ओके.

दूध संघाचे जनावरांचे डॉक्टर बघायला येणार असं ठरलं. ठिकाण श्रीगोंद्याकडचा एक गोठा. आदल्या दिवशी साहेब रॅकसमोर उभे राहिले. मला वाटलं, ताजे डबे घेतील. कुणीही घेतले असते.

"तांब्या, सगळ्यात जुने काढ. तळाचे. ताजी भाकरी कुणीही दाखवतो. डॉक्टरला म्हणू, हे कधीपासून पडून आहेत विचार."

तांबे थोडा वेळ तसाच उभा राहिला. साहेबांनी वळून बघितलं. "ऐकू आलं का? का तेही सासऱ्याला विचारून सांगतोस?"

"व्हय साहेब," तांबे म्हणाला. आणि त्यानं वाकून तळाचे डबे काढले, एकेक पुसला, खोक्यात लावला.

सकाळी धारेच्या वेळेला आम्ही गोठ्यावर पोचलो. गाडीतून उतरताना साहेबांचा शर्ट इतका पांढरा होता की गोठ्यातल्या नानी, म्हणजे गोठ्याच्या मालकीण, हसल्या. "लग्नाला आल्यात का धारंला?" नानी साठीच्या, पदर खोचलेला, हातात दुधाची बादली. शेठ आपल्या गाडीतून आले. संघाचे डॉक्टर आधीच येऊन बाजेवर बसले होते. तांबेनं खोका शेणात न टेकवता हातातच धरून ठेवला.

नानींनी एक काळीपांढरी गाय दाखवली. "ही घ्या. लाताळ न्हाई. पर कानाची लई तिखट हाय. आवाज करू नगा म्हंजी झालं."

"आवाज करत नाही हेच तर दाखवायचंय, नानी," साहेब म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "आमच्या माणसाला देऊ का करायला? त्याला सवय आहे."

"हात माझा," साहेब म्हणाले. ते उकिडवे बसले. डबा कानाला लावला, "बोल" म्हणाले आणि शेठकडं बघून हसले. मग डबा उलटा करून सडाखाली धरला. नीट दिसावं म्हणून मान वाकवून डोकं जवळ नेलं. "बघा डॉक्टर. उलटा. आणि हा डबा आज भरलेला नाही, बरं का."

पहिली धार सरळ आली. तपकिरी, बारीक, मुकाट. डॉक्टर बाजेवरून उठून जवळ आले. मला चांगलं आठवतं, तेव्हा मी साहेबांकडं नाही, तांबेकडं बघितलं. तो डोळे मिटून उभा होता.

मग डबा थुंकला. फर्रर्र-फट्ट. औषध आणि हवा मिळून.

गाईनं एकच लाथ झाडली. आवाज सुकं लाकूड मोडल्यासारखा झाला. साहेब मागं शेणात पडले, डबा घरंगळत नानींच्या पायाशी गेला आणि तिथंही एकदा फुर्र करून गप्प झाला. पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग आणि त्यावर रक्त. जबडा एका बाजूला गेला होता. ते काही बोलायचा प्रयत्न करत होते.

"म्या सांगितलं हुतं की," नानी गाईला थोपटत म्हणाल्या. "कानाची तिखट हाय म्हून."

डॉक्टरांनी आपल्या पँटवरचे तपकिरी शिंतोडे बघितले. शेठनं मोबाईल काढला आणि बोलत बोलत आपल्या गाडीकडं गेले. त्यांच्या तोंडून मला एवढंच ऐकू आलं, "हां, त्या बाहेरच्या पिशव्यांचा रेट काढून ठेवा."

नगरपर्यंत मी पुढं बसले, मागं तांबे. साहेबांचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं होतं, स्वतःच्या रुमालानं जबडा खालून धरून ठेवला होता. खड्डा आला की हात घट्ट करायचा. आई धरते तसा. साहेब घशातून काहीतरी आवाज काढत होते.

"बोलू नका साहेब," तांबे म्हणत होता. "बोलू नका. अजिबात बोलू नका."

नगरच्या दवाखान्यात जबड्याला तारा घातल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस तोंड उघडायचं नाही. त्याच सुमारास आमची काचेची खोली उठली. टेबलं अकाउंटला गेली, रॅक भंगारात, हौद कँटीनवाल्यानं मागून नेला. आता त्यात बटाटे उकडतात. मला क्वालिटीत टाकलं, तांबेला डिस्पॅचला. बाहेरच्या पिशव्यांची खोकी आली ती त्यानंच उतरवून घेतली.

गेटसमोरच्या टपरीवर मी त्याला विचारलं, "तांबे, रॅकवरचे डबे थुंकत होते ना?"

तो बशीतला चहा फुंकत राहिला. "मॅडम, मी एकदा सांगितलं हुतं."

"एकदाच?"

"एकदा सांगितलं ते सगळ्यांना कळलंच की." त्यानं शर्टाच्या कॉलरखाली, गळ्याभोवती एक बोट फिरवलं. "तुमी पण तिथंच हुता."

मग मी साहेबांना बघायला गेले. कंपनीतून दुसरं कुणी गेलं नव्हतं. मी काही फार मोठ्या मनाची आहे म्हणून गेले नाही. गोठ्यावरचा तो डबा मी उचलून ठेवला होता, तो पर्समध्ये घातला, आणि तो बघून साहेबांचं तोंड कसं होतं ते बघायला गेले.

जिन्यातच आवाज ऐकू आला. बाईचा, खणखणीत, न थांबणारा. मला वाटलं, शेजारच्या घरातला. दार काकूंनी उघडलं आणि बोलणं न थांबवता मला आत घेतलं.

"ये, ये. बघ तुझे साहेब. गप्प बसलेत की नाही? इतकी वर्षं मी देवाला म्हणत होते, एक दिवस हा माणूस गप्प बसू दे. देव लाथेनं देतो." त्यांच्या हातात वाटी होती, त्यात पातळ पेज, आणि एक सुई नसलेली सिरिंज. साहेब खुर्चीत बसले होते. उतरलेला चेहरा, दातांवर तारा, ओठ कोरडे. काकूंनी सिरिंज गालात खुपसली आणि दाबली. "काय राहिलंय यात, सांगा? मीठ? का नाही राहिलं? मान तरी हलवा. नाही कळत? पोरी, यांना चवच कळत नाही गं आता. आणि मी मुद्दाम मीठ घालतच नाही." त्या माझ्याकडं बघून हसल्या. काकूंचे दात मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

साहेबांच्या हनुवटीवरून पेज ओघळत होती. त्यांनी ती पुसली नाही.

मी डबा काढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो हातात घेतला. कानाला लावला. मग उठले, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर काकूंनी भाताचं आधण ठेवलं होतं, कोमट झालं होतं. साहेबांनी गॅस बंद केला आणि डबा हळूच पातेल्यात सोडला.

आम्ही दोघं पातेल्यावर वाकून उभे राहिलो. पाणी स्थिर झालं. डबा तळाला. एकही बुडबुडा आला नाही.

येणार नव्हताच. डबा बाहेरून कुठं गळतच नव्हता, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. ते डबा तपासत नव्हते. ते पाण्याकडं बघत होते आणि आठवत होते, दर आठवड्याला कोण काय म्हणत होतं. मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. मग त्यांनी डोळे वर केले. एक बोट उचललं. तारांमधून थुंकी आणि आवाज मिळून बाहेर आला.

"कू...ऊण?"

तांबे अजून डिस्पॅचला होता. साहेबांचा शब्द शेठकडं अजूनही एवढा चालला असता की त्याला तिथूनही काढलं असतं. मी पदर नसताना ओढणी सावरली. आईसारखी.

"कुणीच नाही, सर," मी म्हटलं. "बुडबुडाच आला नाही."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मी डोळे हलवले नाहीत. तेही त्यांनीच शिकवलं होतं.

"झालं का तुमचं?" काकू मागून आल्या, त्यांनी साहेबांना कोपरानं बाजूला केलं. "माझ्या आधणात काय बुडवलंय हे? औषधाचा डबा? सगळं आयुष्य नासवलं, आता भातपण नासवा. उभे काय राहिलात? आं? बोला ना. बोला."

मी चपला घालताना वळून बघितलं. साहेबांनी डबा पाण्यातून काढून पुन्हा कानाला लावला होता. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. एका कानाशी डबा होता, गप्प. आणि दुसऱ्या कानाशी काकू बोलत होत्या.